बर्फावर काढलेला उन्हाळा

मे महिन्याच्या दुपारी हिंगणघाटहून समुद्रपूरकडे जाणाऱ्या एसटीत बसलं, की दोन्ही बाजूंची रिकामी वावरं दिसतात. कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली असते, नांगरट अर्धीमुर्धी. मधल्या पट्ट्यात काळी माती अशी भेगाळलेली, की हात कोपरापर्यंत आत जावा. खिडकीतून हवा येत नाही, भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ येते. शेजारची बाई पदर ओला करून तोंडावर घेते आणि मला म्हणते, "यंदा त लयच तापून राह्यलं न मॅडम." मी हो म्हणते. आणि दर वर्षी नेमकं तेव्हाच मला थंडी आठवते. दातांच्या मुळाशी शिरणारी, नखांखाली ठणकणारी, डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठवणारी थंडी. तीही मे महिन्यातच भोगलेली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी तेवीस वर्षांची. बाबा हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर रुई बसलेली असायची आणि ते मोरीवर वाकून बराच वेळ तोंड धूत राहायचे. मी वर्ध्याला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करत होते, रोज बसनं जाऊन येऊन. तिथंच भोयर सर भेटले.

भोयर सर पन्नाशीला टेकलेले होते. काटक अंग, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात शिट्टी, जी ते क्वचितच वाजवायचे. तरुणपणी हिमालयात जाऊन त्यांनी गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलं होतं. पुढं एका मोहिमेतही गेले होते, पण वादळानं सगळ्यांना अर्ध्यावरून परत यावं लागलं. तेव्हापासून वीस वर्षं त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आपल्या जिल्ह्यातली माणसं घेऊन एका बर्फाच्या शिखरावर जायचं. लोक हसायचे. ज्या जिल्ह्यात धड डोंगर नाही, तिथला हा गिर्यारोहक! सरही हसायचे आणि पुढच्या वर्षीचा विचार करू लागायचे.

त्या वर्षी त्यांना तिघं मिळाले. गिरडचा रफीक, वेल्डिंगचं दुकान चालवणारा, सतत बोलणारा. वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स असलेली वंदना, काडीसारखी बारीक आणि कधीच न दमणारी. आणि मी.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी अंगानं थोराड. हाडपेर रुंद, पाय जाड, हात कामाचे. त्या फेब्रुवारीत पुलगावची मंडळी मला पाहायला आली होती. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि दोन दिवसांनी निरोप आला, "पोरगी थोराड हाय." आईनं ठेवणीतल्या कपबश्या पुन्हा वर ठेवून दिल्या. पुढं मी मोहिमेचं नाव काढलं तेव्हा ती भडकलीच. बाबा मात्र तोंड पुसत पुसत म्हणाले, "जाऊ दे वं तिले. थोराड हाय म्हणते ना लोकं? पहाडाले थोराडच लागते."

सराव गिरडच्या टेकडीवर. दर्ग्याच्या पायऱ्या सोडून बाजूच्या आडवाटेनं, पाठीवर सरकीचं अर्धं पोतं घेऊन, एप्रिलच्या भर दुपारी. दुपारच का, तर सर म्हणायचे, वर हवा विरळ असते, तिथं जीव जसा घाबरा होतो तसा इथं दुपारीच होईल. वर पोचेपर्यंत कानात भुंगे वाजायचे. एकदा दर्ग्याच्या सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं.

"काऊन वं पोरी, येवढ्या उन्हात पोतं घेऊन काऊन चढून राह्यली?"

"बर्फाच्या पहाडावर जाचं हाय, बाबाजी."

त्यानं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "मंग इकडं काऊन आली? तो त तिकडं हाय."

आमच्यापैकी सर सोडले तर बर्फ कोणीच पाहिला नव्हता. लग्नातल्या सरबतातला, किंवा रसवंतीवरचा, तेवढाच. म्हणून सरांनी हिंगणघाटच्या एका बर्फाच्या कारखान्यात सोय लावली. ओळखीच्या शेठजींनी चार लाद्या जमिनीवर ओळीनं मांडून दिल्या. ओल्या बनियनमधले कामगार काम सोडून गोळा झाले. आम्ही बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दातांचे तळवे बांधले आणि त्या लाद्यांवर पाय आपटायला शिकलो. रफीक पहिल्याच पावलाला घसरून बसला. शेठजी लांबून म्हणाले, "बर्फ फोडाले शिकून राह्यले का उभं राहाले?"

"उभं राहाले, शेठजी."

"मंग हळू. लाद्या लग्नाच्या हायेत."

आता हे आठवून हसू येतं. पण त्या ओल्या, अमोनियाच्या वासाच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा लोखंडी दात बर्फात रुतल्याचा आवाज ऐकला. करकन.

हिमाचलात लाहौलच्या बाजूला, रस्ता संपल्यावर दोन दिवस चालत गेल्यावर आमचं शिखर होतं. त्याला नाव नव्हतं, नकाशावर नुसता उंचीचा आकडा होता, सहा हजार मीटरच्या थोडा वरचा. आमच्याबरोबर तिथलाच वाटाड्या होता, अंगरूप. सरांच्या वयाचा. बोलायचा कमी, आणि दर थोड्या वेळानं थांबून बर्फाकडं असा पाहायचा, जसं आमच्याकडचे लोक जूनमध्ये आभाळाकडं पाहतात.

हिमनदी हा शब्द ऐकून मी काहीतरी पांढरंशुभ्र डोळ्यांपुढं आणलं होतं. खाली ती तशी नसतेच. दगडगोटे, धूळ, मळकट बर्फ, आणि पोटातून कुठंतरी पाणी वाहत असल्याचा घुमणारा आवाज. वर गेल्यावर मात्र सगळं पांढरं होत जातं आणि मग भीती वाटायला लागते, कारण त्या पांढऱ्याखाली भेगा असतात. आपल्या वावरातल्या भेगा निदान दिसतात. तिथल्या भेगांवर ताज्या बर्फाचं झाकण असतं. काही झाकणं माणसाला पेलतात, काही पेलत नाहीत. म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून घ्यायचं. दोन माणसांत दहाबारा पावलांचं अंतर, दोर ना ताणलेला ना लोळणारा. एक पडला तर बाकीच्यांनी क्षणात खाली झोकून द्यायचं आणि हातातली लांब दांड्याची टोकदार कुऱ्हाड बर्फात रुतवायची.

वरच्या तळाकडं निघालो तेव्हा क्रम असा होता: पुढं अंगरूप, मग सर, वंदना, रफीक, आणि सर्वांत शेवटी मी. सकाळचे आठ वाजले असतील. रफीक चालता चालता मागं वळून मला काहीतरी सांगत होता, त्याच्या दुकानात आलेल्या कुठल्याशा गिऱ्हाईकाची गोष्ट. वाक्य अर्धंच राहिलं. माझ्यासमोर माणूस होता, आणि मग नुसता बर्फ होता.

पुढचं मला विचारानं आठवत नाही, अंगानं आठवतं. कमरेला बसलेला हिसका. पोटावर आपटून मी सरपटत पुढं ओढली जातेय. नाकातोंडात बर्फ. कुऱ्हाडीचं टोक बर्फ फाडत चाललंय आणि धरत नाही. मी सगळं अंग तिच्यावर टाकलं, छाती, खांदा, हनुवटी, सगळं. आणि थांबले. भोकाची कड माझ्यापासून तीनचार हातांवर होती. पलीकडं वंदनाही आडवी पडलेली दिसत होती, पण बारीक जीव ती, तिच्या बाजूचा दोर अजून घसरत होता. भार माझ्यावर होता.

खालून, खूप खालून वाटावा असा आवाज आला. "सुजाता! सोडू नको वं!"

मी ओरडले, "नाई सोडत! तू हालू नको!"

"हालत नाई बाप्पा! पाय टेकाले जागाच नाई!"

अंगरूप आणि सर दोर तपासत, बर्फ टोचत सावकाश मागं आले. लोखंडी खुंट्या ठोकल्या, दुसरा दोर सोडला, कप्पी लावली. घाई कोणी केली नाही. सर माझ्या कानाशी येऊन एकदाच बोलले, "धरून ठेव. तुझ्याइतकं कोणी धरू शकत नाही इथं." तासाभरानं रफीकचं डोकं वर आलं. टोपी गेलेली, भुवया पांढऱ्या. बाहेर येऊन तो माझ्याशेजारी उताणा पडला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. रफीक गप्प आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाला, "आतमंदी निळं हाय. समदं निळं. लय सुंदर हाय वं. पुन्हा नाई पाहाचं."

वंदनानं त्याचे हातपाय, डोळे, बरगड्या तपासल्या. खरचटण्यापलीकडं काही नव्हतं. माझ्या हनुवटीवर मात्र व्रण राहिला, तो अजून आहे. शाळेतल्या पोरी विचारतात तेव्हा मी सांगते आणि त्यांना ते खरं वाटत नाही.

मला अभिमान वाटतो हे मी सरळच सांगते. आपल्याकडं बाईनं असं म्हणायची पद्धत नाही. मी काही केलंच नाही, आपोआप झालं, देवानं केलं, सरांनी केलं, असं म्हणावं लागतं. पण त्या सकाळी एका माणसाचा जीव माझ्या अंगाच्या भारावर टांगलेला होता आणि तो भार पुरला. ज्या अंगाकडं पाहून लोक पोहे खाऊन उठून गेले होते, त्या अंगाची मला त्यानंतर कधी लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी तंबूत सरांनी रफीकला विचारलं, खाली जायचं का. कोणी काही म्हणणार नाही. रफीक स्टोव्हवरच्या बर्फाचं पाणी होताना पाहत होता. म्हणाला, "जातो न सर वर. पण दोरावर मले सुजाताच्या जवळ बांधजा."

शिखरासाठी रात्री दोनला निघालो, उन्हानं बर्फ मऊ व्हायच्या आत वर पोचायचं म्हणून. उजाडलं तेव्हा आम्ही शेवटच्या खिंडीच्या जवळ होतो. तिथून शिखर पहिल्यांदा पूर्ण दिसलं. उलट्या टोपलीसारखा गोल, पांढरा घुमट, आणि त्याच्यावर चढत जाणारी स्वच्छ धार. अंगरूपनं खूप वेळ पाहून सांगितलं की वर भेगा नाहीत, बर्फ कडक आहे.

पण सरांचं पाऊल जड झालं होतं. आधी वीस पावलं आणि थांबा, मग दहा, मग पाच. ते कुऱ्हाडीवर कपाळ टेकून उभे राहायचे. खोकला आला की सगळं शरीर हलायचं. वंदना दोनदा त्यांच्याजवळ गेली, दोनदा त्यांनी हातानं पुढं चल म्हणून खूण केली. खिंडीच्या वर एका खडकापाशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. शिखर तिथून एकशे वीस मीटर राहिलं होतं. पश्चिमेकडून ढगांची रांग वर येत होती.

अंगरूप म्हणाला, "साहब, इस चाल से दो बज जाएगा. बादल उसके पहले आएगा."

सर खडकाला टेकून बसले. आम्हाला निघायच्या आधी त्यांनी एक नियम घालून दिला होता: बारा वाजता जो जिथं असेल तिथून मागं वळायचं, शिखर हातभर असलं तरी. तो नियम सगळ्यांत आधी त्यांनाच लागू होणार हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"तुम इन तीनों को लेके जाओ," सर अंगरूपला म्हणाले. "मैं यहाँ बैठता हूँ."

"अकेला किसी को नहीं छोड़ते, साहब."

वंदना म्हणाली, "सर, आपण सगळेच उतरू." त्यावर सर चिडले. त्या सबंध मोहिमेत ते एवढे एकदाच चिडले. "मी उतरतो म्हणून तुम्ही काऊन उतरता? तुमचे पाय चालून राह्यले ना?" एवढं बोलायलाही त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. त्यांनी अंगरूपकडं पाहिलं. अंगरूपनं घुमटाकडं पाहिलं, आमच्या तिघांकडं पाहिलं, आणि माझ्याकडं बोट केलं.

"ये आगे जाएगी. उस दिन इसने रस्सी पकड़ी थी. मैं साहब के साथ यहाँ से देखता हूँ. पूरा रास्ता दिखता है."

सरांनी आपल्या कमरेची गाठ सोडली. हातमोजे घातलेल्या हातांनी ती सुटेना, तेव्हा मोजे काढून सोडली. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी थांबले, तिचा दोर त्यांनी स्वतः सोडला, आणि तो नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. मग माझी गाठ ओढून पाहिली, रफीकची पाहिली, वंदनाची पाहिली. म्हणाले, "आता दोराच्या पुढं तू, सुजाता. बारा वाजले की मागं. शिखर असो नसो."

त्या शेवटच्या चढावर मी पुढं होते. पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवत जाणं वेगळं आणि आपण पहिलं पाऊल ठोकणं वेगळं. बूट आपटायचा, दात रुतले का पाहायचं, वजन टाकायचं, श्वास, श्वास, श्वास, पुढचा बूट. मागून रफीक मोजत होता, मोठ्यानं, आणि शंभर झाले की पुन्हा एकपासून. वंदनाचा दोर एकदाही ताणला गेला नाही. वारा कानाशी फडफडत होता. मग अचानक पुढं चढ उरला नाही. मी आणखी एक पाऊल टाकलं आणि ते सपाटीवर पडलं.

बारा वाजायला अकरा मिनिटं होती.

वर एका खोलीएवढीही जागा नव्हती. वंदना बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता माझी बोटं तपासू लागली, नर्सच ती. रफीकनं खिशातून एक छोटा गोल दगड काढला. गिरडच्या टेकडीवर मिळतात तसला, सुपारीएवढा. त्यानं तो बर्फात दाबला, ओंजळ पसरून दुआ मागितली, आणि म्हणाला, "आमच्या गावचा येक जण त राहीन इथं." मी खाली पाहिलं. खडकापाशी दोन ठिपके होते. त्यातला एक उभा राहिला आणि त्यानं कुऱ्हाड डोक्यावर उचलून धरली. किती वेळ धरून होता कोण जाणे. आम्ही उतरायला लागलो तरी ती वरच होती.

खाली पोचल्यावर सरांनी अभिनंदन केलं नाही. आधी गाठी पाहिल्या, मग म्हणाले, "उतरताना माणूस जास्त चुकते. लक्ष ठेवा." ढगांनी आम्हाला गाठलं तेव्हा आम्ही तंबूपाशी होतो. परतीच्या गाडीत, इटारसी गेल्यावर, उकाडा सुरू झाला आणि आमच्या सोललेल्या नाकांची आग होऊ लागली, तेव्हा कुठं सरांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "वरून पलीकडं काय दिसते रे?" आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. नागपूर येईपर्यंत बोलत होतो. सर डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, "अन् उत्तरेले? उत्तरेले काय होतं?"

वर्ध्याला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात आमची बातमी आली. फोटोसकट. मथळा होता, 'जिल्ह्यातील चौघांनी गाठले हिमशिखर'. बाबांनी जिनिंगमध्ये तो पेपर हातोहात फिरवला. मी दुपारी सरांच्या घरी गेले, तर ते सायकल काढत होते.

"पेपरच्या हापिसात जाऊन येतो," ते म्हणाले. "चुकलं हाय त्यायचं."

मीही बरोबर गेले. पंख्याखाली बसलेल्या उपसंपादकानं सरांना ओळखलं, उठून खुर्ची दिली. काय चुकलं ते ऐकून तो हसला. "सर, तेवढं चालते हो. नेता तर तुम्हीच होते. एकशे वीस मीटर म्हणजे काय, इथून त्या चौकापर्यंत!"

"नेता होतो, म्हणून तर सांगून राह्यलो," सर म्हणाले. "शिखरावर तीन जण गेले. तिघंच लिहा."

"कोणी विचारत नाही हो सर."

"मी विचारून राह्यलो ना."

आणि ते खुर्चीत नीट मागं टेकून बसले. त्या माणसानं कागद ओढून लिहीपर्यंत उठले नाहीत. लिहिलेलं वाचलं, माझ्या नावातला उकार दुरुस्त केला, आणि मग उठले.

दुसऱ्या दिवशी चौथ्या पानाच्या कोपऱ्यात, बाजारभावांच्या खाली, दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. मी कात्रण काढलं ते तिचं. फोटोवाली बातमी नंतर पावसाळ्यात ओल लागून गेली, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

त्याच सकाळी मी सरांकडं परत द्यायची क्रॅम्पॉन घेऊन गेले होते. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत उभे होते. टपरीवाल्यानं पेपर उघडून त्यांच्यापुढं धरला. वरची सगळी पानं सोडून त्यानं नेमकं तेच वाचलं होतं.

"हे काय गा सर? तुमी चढलेच नाई म्हणते?"

टपरीवरचे चारपाच जण वळून पाहू लागले. सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. त्यांचं नाक तोवर पुरतं सोललं होतं, ओठ फाटलेले होते, आणि मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"नाई चढलो गा," ते म्हणाले, आणि माझ्याकडं हात केला. "माझे लेकरं चढले."